पोरांना मास्कची सवय लावायचीय? मग आधी काढायला शिकवा

मास्क म्हटलं की अजून सगळ्यांना 2020 च आठवतं, आणि आमच्या सांगलीकडच्या लोकांना जरा जास्तच, कारण त्या मार्चमधे इस्लामपूरचं नाव रोज बातम्यांत असायचं. ते दिवस गेले एकदाचे, पण मास्क काय घरातनं गेला नाही. ऊसतोड सुरू झाली की कुणीतरी पाचट पेटवतंय, गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी काजळी येऊन बसतीय, नवीन हळद यायला लागली की मार्केट यार्डाच्या बाजूनं गेलं तरी नाक झोंबतंय. शिवाय मिरजेला कुणी ना कुणी ॲडमिट असतंच, तिथं पोराला न्यावं लागतं. आणि काही पोरांना तर स्वतःच्याच ट्रीटमेंटसाठी डॉक्टरांनी मास्क सांगितलेला असतो, केमो चालू आहे, किडनीचं काही आहे, प्रतिकारशक्ती कमी आहे वगैरे. तर अशा वेळी "अगं हे मास्क ठेवतच नाही तोंडावर, काय करू" असं विचारणाऱ्या आया मला अजून भेटतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतेय.

पहिल्यांदा वयाचं बघून घ्या, कारण इथंच लई जण गडबड करतात. 2 वर्षांच्या आतल्या बाळाला मास्क घालायचाच नाही, कितीही धूळ असू दे, कितीही गर्दी असू दे. त्याची श्वासनळी बारीक असते आणि गुदमरलं तर मास्क ओढून काढता येत नाही त्याला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ऑगस्ट 2020 मधे सांगितलेलं की 5 वर्षं आणि त्याखालच्या मुलांवर मास्कची सक्ती नको, 6 ते 11 वयात परिस्थिती बघून आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, 12 च्या पुढं मोठ्यांसारखंच. आपल्या केंद्र सरकारच्या जानेवारी 2022 च्या सूचनासुद्धा साधारण ह्याच होत्या. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मात्र 2 च्या पुढच्या मुलांना चालेल म्हणायचे. म्हणजे तुमचं पोरगं 3-4 वर्षांचं असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घालायचा, पण मोठं माणूस शेजारी पाहिजे. उगीच शेजारणीच्या पोरानं घातला म्हणून आपल्या पोराला नाही घालायचा.

आता मुख्य मुद्दा. सगळे जण मास्क घालायला शिकवतात, मी म्हणते आधी काढायला शिकवा. पोरगं रडतंय ते कापडाला नाही रडत, त्याला वाटतं की हे कुणीतरी माझ्या तोंडावर लावलंय आणि आता मला निघत नाही. एकदा त्याच्या डोक्यात बसलं की हे माझ्या हातात आहे, मला पाहिजे तेव्हा मी काढू शकतो, की अर्धी भीती तिथंच गेली. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीनंही तेच बरोबर आहे, ज्या पोराला स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही त्याला तो घालायचाच नाही, वय कितीही असू दे.

हे कसं करायचं तर, मास्क घेऊन जमिनीवर बसा. तुम्ही स्वतः घाला, आणि पोराला सांगा की कानामागची दोरी धरून माझा मास्क काढ. पहिल्यांदा ते मास्कच धरून ओढेल, इलॅस्टिक ताणलं जाईल, सुटून तुमच्या गालावर फटकन बसेल, आणि ते खदखदून हसेल. हसू दे. परत घाला, परत काढायला लावा. मग बाहुलीला, टेडीला, पोराकडं जे काय असेल त्याला. आमच्या चिरंजीवाकडं एक कान तुटका हत्ती आहे, त्याला मास्क लावायचा तर एका बाजूला दोरी अडकवायला कानच नाही, मग त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी दोरी सोंडेला अडकवली. त्या भानगडीत मास्क ही भीतीची वस्तू राहिलीच नाही, खेळण्यातली एक वस्तू झाली. त्यानंतर एक दिवस आपणहून आला, मास्क स्वतःच तोंडाला धरलेला, दोऱ्या नुसत्या लोंबकळत.

"आई, काढू?"

"काढ की."

"परत लावू?"

"लाव."

असं चालू झालं की समजायचं गाडी रुळावर आली. ह्या टप्प्यावर "आता ठेव तसाच, काढू नको" असं म्हणायचा मोह होतो, तो आवरा. त्यानं काढतो म्हटलं की काढू द्यायचा, लगेच. घरात काढायला मिळतो ह्याची खात्री असली तरच ते पोरगं पुढं दवाखान्यात "जरा थांब, बाहेर गेल्यावर काढू" हे ऐकून घेतं.

ह्याच्यापुढं वेळ वाढवत न्यायची, पण घड्याळ लावून नाही. एक बडबडगीत होईपर्यंत, मग गॅलरीतनं रस्त्यावरच्या लाल गाड्या मोजून होईपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानातनं दूध आणेपर्यंत. हातात काम असलं की पोरं तोंडावर काय आहे ते विसरतात. टीव्ही लावून दिला तरी विसरतात हे खरं, पण मग टीव्ही नसला की मास्क नाही असं होऊन बसतं, त्यामुळं मी तरी तो रस्ता नाही सांगणार. पोरगं उपाशी, झोपेला आलेलं, चिडलेलं असेल तर त्या दिवशी नाव पण काढू नका. आणि हे सगळं गरज लागायच्या आधी करायचं असतं. उद्या सकाळी मिरजेला जायचंय आणि आज रात्री मास्क पहिल्यांदा दाखवला, तर गाडीत रडारड होणारच.

घाबरवून कुणी घालायला लावू नका प्लीज. आपल्याकडं घरातल्या मोठ्यांची सवय असते, "घाल नाहीतर डॉक्टर सुई टोचतील", "घाल नाहीतर पोलीसकाका येतील". प्रेमानंच म्हणतात बिचारे, पण त्यानं मास्क आणि सुईची जोडी लागते पोराच्या डोक्यात, आणि मग मास्क दिसला की सुई आठवते. सासूबाईंना, आईला हे सांगायचं कसं हा तुमच्या घरचा प्रश्न, मला जमलं ते असं की त्यांनाच कामाला लावायचं: "आत्या, तुम्हीच शिवा की त्याच्यासाठी एक, तुमच्या हातचा घालेल तो." सुईचं नाव बंद झालं आणि मास्क पण मिळाला.

शिवायचा असेल तर कापड जुनं सुती घ्या. आजीचं जुनं लुगडं किंवा आजोबांचं धोतर, शंभरदा धुवून मऊ झालेलं, त्याच्यासारखं कापड दुकानात मिळत नाही. धोतर फारच विरळ असेल तर आतल्या बाजूला ते आणि बाहेरनं जरा घट्ट विणीचं कापड, असे दोन-तीन थर. वर नाकाशी तार घालणार असाल तर तिची टोकं दुमडून शिवणीत बंद करा, नाहीतर टोचते. कानाला इलॅस्टिकपेक्षा जुन्या बनियनच्या कापडाची पट्टी बरी, ताणते पण काचत नाही. पोरगं "कान दुखतोय" म्हणतंय ते नाटक नसतं हो, बारकं इलॅस्टिक कानामागं खरंच लाल करतं, बघा एकदा कान मागं करून. त्यापेक्षा सोपं म्हणजे डोक्याच्या हेअरबँडला दोन बाजूंना दोन मोठी बटणं शिवायची आणि दोऱ्या कानाऐवजी बटणांना अडकवायच्या. पोरगा असेल तर टोपीला शिवा. कापड निवडायला पोरालाच न्या, हरभट रोडला गेलात की त्याला दोन-तीन तुकडे दाखवा आणि त्यातनं निवडू द्या. सगळं दुकान दाखवू नका, तिथंच संध्याकाळ होईल. एका मैत्रिणीच्या पोरीनं खणाच्या काठाचा मास्क करून घेतला, आतनं मऊ सुती, बाहेरनं जांभळा खण, आणि ती तो लग्नात घालून मिरवली, जिथं कुणीच मास्क घातला नव्हता.

मेडिकलमधला तीन थरांचा मास्क घेणार असाल तर लहान मुलांच्या साईजचा मागा. मोठ्यांचा घातला तर गालाशी फट राहते, खाली हनुवटीच्या पुढं लोंबतो आणि वर डोळ्यात जातो, मग पोरगं सारखं सारखं वर-खाली करत बसतं. अडीनडीला मोठ्यांचाच असेल तर ही युक्ती करा. मास्क आडवा मधोमध दुमडायचा, वरची कड खालच्या कडेवर. मग दोन्ही बाजूंच्या दोरीला अगदी मास्कच्या कडेला लागून एकेक गाठ मारायची. मास्क उघडला की कडेला चोचीसारखा भाग सुटलेला दिसतो, तो आत खोचायचा. दोरी आखूड होते, गालाची फट बंद होते. गाठ लांब मारली तर काही उपयोग नाही, कडेलाच पाहिजे. रंगीत बाजू बाहेर, पांढरी आत, तार वर, ती नाकावर दोन्ही बोटांनी दाबून बसवायची. चष्मा लावणारं पोरगं असेल तर हे दाबणं नीट केलंच पाहिजे, नाहीतर वाफेनं काचा धुरकट होतात आणि ते दोन्ही फेकून देतं.

नव्या पाकिटातल्या मास्कला एक वास असतो, आपल्याला जाणवत नाही पण पोरांना येतो. पाकिटातनं काढून जरा वेळ स्वच्छ जागी हवेला ठेवा. कापडी असेल तर पहिल्यांदा धुवूनच घाला, साध्या साबणानं, तो वासाचा कम्फर्ट-बिम्फर्ट घालू नका त्यात. झडपवाला मास्क दवाखान्यासाठी घेऊ नका, आत घेतलेली हवा तो गाळतो पण बाहेर सोडलेली तशीच जाऊ देतो, मग पोराला सर्दी असेल तर समोरच्या पेशंटला काय फायदा. आणि एन95 चं म्हणाल तर तो चेहऱ्याला सगळीकडनं घट्ट बसला तरच एन95, मोठ्यांचा एन95 पोराच्या तोंडावर म्हणजे नुसती वाटी. ट्रीटमेंटवाल्या पोरांसाठी कुठला घ्यायचा ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, तिथं माझं काही ऐकू नका.

"श्वास कोंडतोय" म्हटलं पोरानं तर? पहिलं काम, काढा. वाद घालू नका, "कोंडत-बिंडत काही नाही" म्हणू नका. साध्या कापडी किंवा तीन थरांच्या मास्कमधनं हवा आरपार जाते, ऑक्सिजन काय अडत नाही त्याच्यात, पण पोराला ते गरम गरम वाटतं, स्वतःचाच श्वास तोंडावर येतो, ते त्याला नवीन असतं. शांत झालं की दाखवा, मास्क हातात धरून त्यातनं फुंकर मारायची, पलीकडं दुसऱ्या हाताला हवा लागतीय का बघायचं. लागते थोडी. मग "बघ, जाते की नाही हवा" एवढंच. नाक चोंदलेलं असेल, धाप लागली असेल, छातीत घरघर असेल तर मास्कची प्रॅक्टिस बंद आणि दवाखाना.

घरात आपण कसे वागतो ते पोरं बघतातच. बाबांचा मास्क हनुवटीवर, आईचा पर्समधे आणि पोराला मात्र "नाकावर घे, नाकावर घे" हे चालत नाही. उलट आपल्याकडं एक चांगली गोष्ट आयती आहे, स्कूटीवरनं जाणाऱ्या मुली-बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात, विश्रामबागेत सिग्नलला उभं राहिलं की सगळ्या तशाच. पोरांना ते रोजचं आहे, त्याला ती घाबरत नाहीत. तेव्हा आरशासमोर तुम्ही स्कार्फ बांधा, त्याला मास्क, आणि ओळखायचा खेळ खेळा, मी आता हसतेय का रागावलेय, फक्त डोळ्यांवरनं सांग. लहान पोरांना समोरच्याचं तोंड दिसलं नाही की तो आपल्यावर चिडलाय असं वाटतं, दवाखान्यात सिस्टर प्रेमानं बोलत असली तरी हे आपलं भोकाड पसरतं, त्याचं एक कारण हे पण असतं. डोळ्यांनी हसणं कळायला लागलं की ते कमी होतं. फक्त पोराच्या गळ्यात स्कार्फ किंवा ओढणी बांधू नका हां, कुठंतरी अडकते. तसंच मास्क गळ्यात अडकवायच्या त्या दोऱ्या मिळतात, घसरगुंडी-झोपाळ्यावर त्या नकोतच.

गाडीवरचं वेगळं सांगते कारण आपल्याकडं निम्मा प्रवास टू व्हीलरवरच. पोरगं पुढं टाकीवर बसलेलं असतं, वाऱ्यानं मास्क वर सरकून डोळ्यावर येतो, ते एक. दुसरं म्हणजे मिरज येईपर्यंत पेंगतं. आई-बाबांच्या मधे बसून झोपलं तर मास्क लगेच काढायचा, झोपलेल्या पोराच्या तोंडावर मास्क कधीच नाही, गाडीत नाही, बसमधे नाही, दवाखान्याच्या बाकड्यावर पण नाही. पळताना, पीटीला, पोहताना पण नाही. ओला झाला तर बदलायचा, ओल्या मास्कमधनं श्वास जड लागतो. लहान पोरांचा तर लाळेनं, शेंबडानं अर्ध्या तासात चिंब होतो, त्यामुळं जास्तीचे दोन जवळ असू द्या, आतल्या बाजूला नाव लिहून.

शाळेत घालून पाठवणार असाल तर एक गोष्ट घरीच पक्की करा, मास्क अदलाबदल करायचा नाही. "त्याचा डायनासोर मला, माझा वाघ त्याला" हे सर्रास होतं, टिफिनसारखं वाटतं त्यांना. आणि डब्याच्या वेळेला काढून कुठं ठेवायचा तेही शिकवा. बाकावर नाही, खिशात नाही, दोरीला धरून काढायचा आणि छोट्या कापडी पिशवीत टाकायचा, हात धुवायचे, मग डबा. प्रॅक्टिस घरी करायची असेल तर भडंग द्या वाटीत, खायचं म्हणजे काढावाच लागतो, खाल्लं की हात-तोंड पुसून परत घालायचा. तिखट तेलाची बोटं मास्कला लागली की काय होतं ते एकदा नाकाला झोंबलं की कळतंच, परत सांगावं लागत नाही.

काही पोरांना स्पर्शाचाच त्रास असतो, ऑटिझम असेल, किंवा कपड्याचं लेबल टोचतं म्हणून रडणारी पोरं असतात ना, तशी. त्यांच्या बाबतीत वर सांगितलेलं सगळंच दसपट हळू. आधी नुसतं कापड हातावर, मग गालाला, मग हनुवटीला, मधे काही दिवस काहीच नाही. चित्रं काढून क्रम दाखवला तर बऱ्याच पोरांना बरं पडतं, दवाखाना, मास्क, डॉक्टर, मास्क काढला, घर. शेवटचं चित्र महत्वाचं, हे संपणार आहे हे त्यात दिसतं. थेरपिस्टकडं जात असाल तर त्यांना सोबत घ्या. आणि नाहीच जमलं तर नाही जमलं. अशा पोरांना जबरदस्ती करायची नाही, त्याऐवजी गर्दी नसलेली वेळ मागून घ्या, दवाखान्यात फोन करून विचारलं तर शेवटचा किंवा पहिला नंबर देतात बऱ्याच ठिकाणी. ऐकायला कमी येणारं मूल असेल तर त्याच्यापेक्षा आपल्या मास्कची अडचण होते, ते ओठ वाचतं, तेव्हा समोर पारदर्शक खिडकीवाला मास्क घाला किंवा लांब उभं राहून काढून बोला.

बाळदमावाल्या पोरांच्या आयांना नेब्युलायझरच्या मास्कची पण हीच कटकट असते, त्याला पण हीच पद्धत चालते. आधी मशीन नुसतं चालू करून लांब ठेवा, त्या घुर्रर्र आवाजाचीच भीती असते. मग वाफ हातावर घेऊ दे, मग तुटक्या कानाच्या हत्तीला द्या, मग त्याला. तोंडापासनं लांब धरून वाफ सोडली तर औषध निम्मं-अधिक हवेतच जातं, मास्क चेहऱ्याला टेकलाच पाहिजे. आणि आरडाओरडा करत रडणाऱ्या पोराच्या छातीत औषध कमी पोचतं, म्हणून दाबून धरून द्यायच्या आधी दोन मिनिटं शांत करायला घालवली तर ती वाया जात नाहीत. मात्र पोराला खरंच धाप लागलेली असेल तर हे खेळ करत बसायचं नाही, सांगितलंय ते औषध द्या आणि डॉक्टर गाठा. स्पेसरचा, म्हणजे इन्हेलरच्या पंपाला जोडायच्या नळकांड्याचा मास्क असेल तर घट्ट टेकवून एका पफला पाच-सहा श्वास. स्टेरॉइडवालं औषध असेल तर नंतर तोंड पुसायचं आणि चूळ भरायला लावायची.

एक सांगायचं राहिलं, पाचटाच्या धुरात कापडी मास्कवर विसंबू नका. धुराचे कण लई बारीक असतात, साध्या मास्कच्या कापडातनं आणि गालाच्या फटीतनं आत जातात. मोठी धूळ अडते, हळदीची पूड बरीचशी अडते, 2019 च्या महापुरानंतर गाळ वाळून जी धूळ उडायची तिथंही काही नसण्यापेक्षा बरा होता. पण शेजारच्या रानात पाचट पेटलंय म्हटल्यावर पोराला घरात घ्यायचं, त्या बाजूच्या खिडक्या लावायच्या, धूर ओसरला की मग बाहेर सोडायचं.

कापडी मास्क रोजच्या रोज साबणानं धुवून उन्हात पूर्ण वाळवा, दमट घालू नका. मेडिकलवाला एकदा वापरला की टाकायचा, धुवायचा नाही, धुतला की त्याचा मधला थर कामाचा राहत नाही. टाकताना दोऱ्या कापून टाका, नाहीतर त्या पक्ष्यांच्या पायात अडकतात.